एल्फिन्स्टन, मराठी शाळा आणि नागपूर: सरकारी शिक्षणाचा पाया कसा घातला गेला

नागपुरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या वहीत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे नाव बहुधा एकाच ओळीत उरकलेले असते: १८१९ ते १८२७ या काळातील मुंबईचा गव्हर्नर आणि पश्चिम भारतातील सरकारी शिक्षणाचा प्रवर्तक. ओळ खरी आहे. पण सरकारने शाळा काढायच्या म्हणजे नेमके काय करायचे, याचे तयार उत्तर त्या काळी कोणाजवळच नव्हते, हे तिच्यातून कळत नाही. खुद्द इंग्लंडमध्ये शाळांसाठी सरकारी तिजोरीतून पहिली रक्कम मंजूर झाली ती १८३३ साली, आणि देशभर प्राथमिक शाळांची सोय करण्याची जबाबदारी कायद्याने स्वीकारली गेली ती १८७० साली. म्हणजे एल्फिन्स्टन मुंबई इलाख्यासाठी शिक्षणाची योजना लिहायला बसला तेव्हा त्याच्या मायदेशातही गिरवायला कित्ता नव्हता.

शिकवायचे कोणत्या भाषेत, आधी कोणाला, आणि पैसा कोणाचा, हे त्याच्यापुढचे तीन अवघड प्रश्न. त्याने दिलेल्या उत्तरांपैकी काही आजही जिल्हा परिषदेच्या शाळेत जिवंत आहेत आणि काहींची किंमत पुढच्या कित्येक पिढ्यांनी मोजली. नागपूरकरांनी ही हकीकत विशेष लक्ष देऊन वाचावी असे मला वाटते, कारण हा माणूस गव्हर्नर होण्याच्या बऱ्याच आधी नागपुरात चार वर्षे राहून गेला होता, आणि तरीही त्याने आखलेली व्यवस्था नागपुरात आली नाही. इथे सरकारी शाळा आल्या त्या सुमारे चाळीस वर्षांनी आणि वेगळ्याच वाटेने.

एल्फिन्स्टनचा जन्म ६ ऑक्टोबर १७७९ रोजी स्कॉटलंडमधील एका सरदार घराण्यात झाला. वयाची सतरा वर्षेही पुरी झालेली नसताना, १७९६ साली, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास उतरला. बनारसला असताना १७९९ मध्ये पदच्युत नवाब वझीर अलीच्या माणसांनी तिथल्या इंग्रजांची कत्तल केली, तिच्यातून तो घोड्यावर निसटून वाचला. १८०१ मध्ये पुण्याच्या रेसिडेन्सीत त्याची नेमणूक झाली आणि १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीचा राजकीय साहाय्यक म्हणून तो असई, आडगाव आणि गाविलगड या तिन्ही ठिकाणी हजर होता. रणांगणावरचे त्याचे धैर्य पाहून वेलस्लीने त्याला, तू धंदा चुकलास, तू शिपाईच व्हायला हवे होतेस, असे म्हटल्याचे प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी डिसेंबरात झालेल्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांना कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडचा मुलूख सोडावा लागला, आणि तहाची अंमलबजावणी पाहण्यासाठी नागपूरच्या दरबारी जो रेसिडेंट पाठवण्यात आला तो हाच, चोवीस वर्षांचा एल्फिन्स्टन.

रेसिडेंट म्हणजे दरबारात राहणारा कंपनीचा वकील. त्याच्याकडे बातमीदारांचे जाळे असे, दरबारावर दडपण आणण्याची ताकद असे, पण राज्यकारभार त्याच्या हाती नसे. १८०४ ते १८०८ या काळात एल्फिन्स्टनने नागपुरात शिकारही केली आणि वाचनही अफाट केले. ग्रीक, लॅटिन आणि फारसी ग्रंथ तो नेमाने वाचत असे. पुढे वीस वर्षे नागपूरची सूत्रे ज्याच्या हाती राहिली तो रिचर्ड जेंकिन्स इथे त्याचा सहकारी आणि मित्र होता. या चार वर्षांत शाळांविषयी त्याने काही केले नाही, आणि करणे शक्यही नव्हते. पण अर्धा मुलूख आणि बरेचसे उत्पन्न गमावलेल्या, अपमान सोसत असलेल्या एका मराठी राज्याला आतून कसे वाटते, हे जवळून पाहण्याची संधी त्याला नागपूरनेच दिली. जिंकलेल्या मुलखात लोकांच्या रीतिभातींना उगीच धक्का लावू नये, हा जो त्याचा पुढचा आग्रह, त्याची मुळे मला या नागपूरच्या वास्तव्यात दिसतात; अर्थात हा माझा तर्क आहे, त्याने तसे कोठे लिहून ठेवल्याचा दावा मी करत नाही.

नंतरचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. १८०८ मध्ये तो काबूलच्या शहाकडे वकील म्हणून गेला आणि परतल्यावर त्या देशावर त्याने एक भरभक्कम ग्रंथ लिहिला. १८११ पासून तो पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होता. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली तेव्हा पेशव्यांच्या फौजेने संगमावरची रेसिडेन्सी जाळली आणि तिच्याबरोबर त्याची पुस्तके व कागदपत्रेही जळाली. त्याच महिन्यात इकडे सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांची फौज आणि जेंकिन्सच्या हाताखालची इंग्रज पलटण यांची लढाई झाली, तिचा निकालही इंग्रजांच्या बाजूने लागला. या दोन लढायांच्या परिणामांत मात्र मोठा फरक होता. पेशवाई बुडाली आणि तिचा मुलूख कंपनीच्या ताब्यात आला. नागपूरचे राज्य मात्र दुबळे होऊन का होईना, १८५३ पर्यंत टिकले. पुण्याकडे सरकारी शाळा आधी आल्या आणि नागपूरला उशिरा, याचे पहिले कारण इतके सरळ आहे.

पेशव्यांच्या मुलखाचा कमिशनर म्हणून आणि १८१९ च्या नोव्हेंबरपासून मुंबईचा गव्हर्नर म्हणून एल्फिन्स्टनपुढे जो प्रदेश होता तो शाळांविना होता, असे समजणे चूक ठरेल. गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. एखाद्या देवळाच्या ओवरीत किंवा सधन माणसाच्या पडवीत ही शाळा भरे. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून तयार केलेल्या धूळपाटीवर मुलगा आधी बोटाने, मग काडीने अक्षरे काढी. हात बसला की बोरू आणि शाई मिळे. पाढे तोंडपाठ व्हावे लागत, आणि नुसते पूर्णांकांचे नव्हेत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचेही, कारण बाजारात शेर-पायलीचा आणि व्याजाचा हिशेब याच पाढ्यांवर चाले. मोडी वाचता-लिहिता आली आणि पत्राचा मायना जमला म्हणजे शिक्षण पुरे झाले. पंतोजीला पगार नसे. मुलांच्या आईबापांकडून थोडे पैसे, थोडे धान्य आणि सणावारी काही मिळे, त्यावर त्याचा संसार चाले.

या शाळांची मोजदाद करण्याचे काम एल्फिन्स्टनच्याच काळात सुरू झाले. तिचा एकत्रित अहवाल तो परत गेल्यावर, १८२९ साली तयार झाला, आणि त्यात इलाख्यातील १,७०५ शाळा व ३५,१४३ विद्यार्थी नोंदले गेले, तर लोकसंख्या ४६,८१,७३५ धरली होती. म्हणजे सुमारे १३३ माणसांमागे एक मूल शाळेत होते. घरच्या घरी शिकणारी मुले या मोजणीत आली नाहीत आणि अनेक शाळाही सुटल्या, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले आहे, तेव्हा खरा आकडा यापेक्षा मोठा असणार. तरीही चित्रातील मुख्य गोष्ट बदलत नाही: शाळा होत्या, पण शिकणारी मुले प्रामुख्याने ब्राह्मण, वाणी, सोनार अशा लिहिण्याशी वा हिशेबाशी पोट जोडलेल्या घरांतली होती, मुली जवळजवळ नव्हत्या आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना दार बंद होते.

एल्फिन्स्टनचे मोठेपण मला या ठिकाणी दिसते, की त्याने या शाळा मोडून नवा डोलारा उभारण्याचा विचार केला नाही. त्याने पाहिले ते असे, की पंतोजी शिकवतो, मूल अक्षर ओळखायला लागते, पण अक्षर ओळखल्यावर वाचायचे काय, हा प्रश्न सुटलेला नाही. छापील मराठी पुस्तके जवळजवळ नव्हती. पोथ्या हाताने लिहिलेल्या, महाग आणि बहुतांशी पद्यात असत. गणित, भूगोल किंवा साध्या गोष्टींचे गद्य पुस्तक मुलाच्या हाती देता येईल असे काहीच नव्हते. म्हणून त्याने पहिला जोर पुस्तकांवर दिला. १८२२ साली मुंबईत शालेय पुस्तके तयार करणे आणि शाळा चालवणे या दुहेरी हेतूने एक स्वतंत्र संस्था उभी राहिली, तिचा अध्यक्ष तो स्वतः झाला, तिच्या कारभारात इंग्रजांबरोबर एतद्देशीय सभासदही घेतले गेले, आणि तिला सरकारी मदत मिळवून देण्यासाठी त्याने कंपनीच्या संचालकांशी वाद घातला. १८२७ पासून हीच संस्था बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली.

या संस्थेच्या भोवती जी माणसे जमली त्यांनी आजची छापील मराठी घडवली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. संस्थेचे एतद्देशीय सचिव सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापच्या गोष्टी आणि बाळमित्र हे पुस्तक मराठीत उतरवले, आणि मुलांना मराठीत वाचायला गद्य मिळाले. मोल्सवर्थ आणि त्याचे सहकारी कँडी बंधू यांनी पंडितांच्या मदतीने प्रचंड मराठी-इंग्रजी शब्दकोश रचला, तो १८३१ साली प्रसिद्ध झाला. पुढे मराठी पत्रकारितेचा पाया घालणारे बाळशास्त्री जांभेकर याच संस्थेच्या शाळेत शिकले आणि नंतर तिचेच सचिव झाले.

पुस्तकांपाठोपाठ शिक्षकांचा प्रश्न येतो. जर्व्हिसच्या देखरेखीखाली मराठी आणि गुजराती मिळून चोवीस तरुणांना शिकवण्याचे शिक्षण देऊन १८२६ च्या सुमारास दख्खन, कोकण आणि गुजरातेत सरकारी शाळा काढण्यासाठी पाठवण्यात आले. एवढ्या मोठ्या इलाख्याला चोवीस शिक्षक म्हणजे दर्यामे खसखस, हे खरे. पण सरकारने पगार देऊन, प्रशिक्षण देऊन, ठरलेली पुस्तके हाती देऊन मराठी शिक्षक गावी पाठवायचा, ही कल्पना या प्रदेशात त्यांच्याबरोबर प्रथम प्रत्यक्षात आली. आजचा जिल्हा परिषदेचा गुरुजी त्याच परंपरेतला आहे.

दुसरीकडे पुण्यात त्याने अगदी वेगळ्या प्रकारची एक संस्था उभारू दिली. पेशवे दर श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. ती एकदम बंद केली तर असंतोष होईल आणि तशीच चालू ठेवली तर पैसा वाया जाईल, असा पेच होता. म्हणून दक्षिणेची रक्कम पुष्कळ कमी करून तिच्यातील काही भाग एका पाठशाळेकडे वळवण्यात आला, आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे अनेक रूपांतरे होऊन तिचेच डेक्कन कॉलेज झाले. पुण्याच्या ब्राह्मणांना राजी राखण्याचा राजकीय हेतू यामागे उघड होता आणि एल्फिन्स्टनने तो लपवलाही नाही.

त्याच्या साऱ्या विचारांचा गाभा डिसेंबर १८२३ च्या टिपणात सापडतो. टिपण, इंग्रजीत मिनिट, म्हणजे गव्हर्नराने आपल्या मंडळापुढे ठेवलेले लेखी मत. त्यात त्याने सुचवले की देशी शाळांतील शिकवण्याची पद्धत सुधारावी आणि शाळांची संख्या वाढवावी, त्यांना पुस्तके पुरवावीत, खालच्या थरांतील लोकांना शिक्षणाकडे वळण्यासाठी उत्तेजन द्यावे, युरोपीय शास्त्रे शिकवणाऱ्या शाळा काढाव्यात, नीती आणि भौतिक शास्त्रांवरची पुस्तके देशी भाषांत तयार करून छापावीत, आणि ज्यांना इंग्रजी शिकायचीच आहे त्यांच्यासाठी इंग्रजीच्याही शाळा असाव्यात. धर्मप्रसार मात्र या योजनेत मिसळू नये, हे त्याने बजावले. शिक्षणात धर्मांतराचा वास आला तर लोक शाळांकडे पाठ फिरवतील, अशी त्याची खात्री होती.

त्याच्या मंडळातील फ्रान्सिस वॉर्डन याला हे पटले नाही. वॉर्डनचे म्हणणे असे, की पुष्कळांना थोडे शिकवण्यापेक्षा थोड्यांना पुष्कळ शिकवावे, आणि इंग्रजीवर भर द्यावा. थोडे लोक नीट शिकले की ज्ञान हळूहळू खाली झिरपेल. पाठ्यपुस्तकांत झिरपता सिद्धांत म्हणून जो येतो तो हाच. इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार करणारे मेकॉलेचे प्रसिद्ध टिपण १८३५ चे, म्हणजे या वादानंतर बारा वर्षांनी लिहिलेले. मुंबईत भाषेचा आणि प्रसाराचा प्रश्न त्याच्याही आधी मुळापासून चर्चिला गेला होता. एल्फिन्स्टनने मराठी आणि गुजरातीच्या बाजूने आधीच पाया घातलेला असल्यामुळे, मेकॉलेनंतरही मुंबई इलाख्यातील प्राथमिक शिक्षण देशी भाषांतच राहिले.

इथवर वाचून एल्फिन्स्टनविषयी आदर वाटतो, आणि तो वाटावाच. पण त्याच टिपणात एक उतारा असा आहे की त्यावर थांबल्याशिवाय त्याचे मूल्यमापन पुरे होत नाही. सर्वांत खालच्या मानल्या गेलेल्या जातींतली मुले सर्वांत चांगले विद्यार्थी ठरतात, असा मिशनऱ्यांचा अनुभव असल्याचे तो नमूद करतो. आणि लगेच पुढे म्हणतो, की त्या लोकांना विशेष उत्तेजन देताना आपण जपले पाहिजे, कारण आपली शिक्षणपद्धती प्रथम त्यांच्यात रुजली तर ती त्यांच्यापलीकडे कधीच पसरणार नाही. त्यांच्या हाती ज्ञान येईल, पण वरच्या जाती त्यांचा तिरस्कारच करतील आणि आपल्या शाळांपासून दूर राहतील. म्हणजे ज्यांना शिक्षणाची सर्वांत जास्त गरज आहे आणि जे सर्वांत चांगले शिकतात, हे ज्याला ठाऊक आहे, तो राज्यकर्ता त्यांनाच मागे ठेवण्याचा सल्ला देतो.

हा सल्ला द्वेषातून आलेला नव्हता. नव्याने जिंकलेल्या मुलखात वरच्या जातींचा रोष ओढवून घ्यायचा नाही, हे धोरण त्यामागे होते. पण धोरण म्हणून घेतलेला निर्णय माणसांच्या आयुष्यात काय होऊन बसतो, हे १८५६ साली धारवाडला दिसले. तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाचा अर्ज मुंबई सरकारने नाकारला, कारण त्याला घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील अशी भीती होती. पुढे कंपनीच्या संचालकांनी १८५८ मध्ये लिहून कळवले की सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत. पण कागदावर दार उघडले तरी व्हरांड्याबाहेर बसून शिकण्याची पाळी त्या मुलांवर पुढेही कित्येक वर्षे येत राहिली. एखादी व्यवस्था सुरू होतानाच कोणाला थांबायला सांगितले जाते, यावरून ती पुढे किती काळ तशीच राहील हे ठरते, असे मला हा इतिहास वाचताना प्रकर्षाने जाणवते.

एल्फिन्स्टनच्या हाताखाली काम केलेल्या जनरल ब्रिग्ज याने सांगून ठेवलेली एक आठवण एल्फिन्स्टनचे मन चांगले दाखवते. एल्फिन्स्टनच्या तंबूच्या कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग पाहून ब्रिग्जने ती कशासाठी, असे विचारले. एतद्देशीयांना शिकवण्यासाठी, असे उत्तर मिळाले. आणि त्याला जोडून, हाच आपला युरोपला परत जाण्याचा राजमार्ग आहे, असेही तो म्हणाला. मग गव्हर्नर असून तुम्हीच हे कसे सुरू केले, असे ब्रिग्जने आश्चर्याने विचारले, तेव्हा काहीही झाले तरी या लोकांविषयीचे आपले कर्तव्य आपण केलेच पाहिजे, असे त्याने सांगितले. शिकलेली प्रजा एक दिवस राज्य परत मागेल, हे इतक्या लवकर ओळखणारे इंग्रज अधिकारी फारसे नव्हते.

नोव्हेंबर १८२७ मध्ये तो मुंबई सोडून गेला. त्याच्या निरोपाच्या निमित्ताने मुंबईच्या लोकांनी वर्गणी काढली, ती दोन लाख रुपयांच्या वर गेली, आणि पुतळ्यापेक्षा मोठे काहीतरी करावे म्हणून तिच्यातून इंग्रजी व युरोपीय शास्त्रे शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा निधी उभा राहिला. त्यातूनच एल्फिन्स्टन कॉलेज आकाराला आले. गव्हर्नर जनरलचे पद पुढे देऊ केले असता त्याने ते नाकारले, लग्न केले नाही, इंग्लंडमध्ये पुस्तकांच्या सहवासात राहून भारताचा इतिहास लिहिला आणि २० नोव्हेंबर १८५९ रोजी त्याचा मृत्यू झाला. तो मुंबईहून गेल्यानंतर काही वर्षांनी तिथे भाषेचा वाद पुन्हा पेटला. शिक्षण मंडळाचा अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचा कैवारी होता, तर जगन्नाथ शंकरशेट यांनी मराठीची बाजू निकराने लढवली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षण खाते, अनुदान, विद्यापीठे आणि मुलींचे शिक्षण असा सगळा आराखडा एकत्र मांडला, आणि प्राथमिक शिक्षणासाठी देशी भाषांना मान्यता दिली.

आता नागपूर. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारसाविना वारले, गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले, आणि १८६१ मध्ये नागपूर व सागर-नर्मदा या प्रदेशांचा मिळून मध्य प्रांत तयार झाला. त्याची राजधानी नागपूर. १८६२ मध्ये रिचर्ड टेम्पल हा तरुण, कामाचा झपाटा असलेला अधिकारी चीफ कमिशनर म्हणून आला आणि त्याच वर्षी इथले शिक्षण खाते स्थापन झाले. टेम्पल तयार झाला होता तो उत्तरेत, वायव्य प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन याच्या हाताखाली. पुढे त्याने थॉमसनचे चरित्रही लिहिले. म्हणून नागपूरच्या गावांत जी शाळांची रीत आली ती मुंबईची नव्हती, थॉमसनची होती.

थॉमसनची ही रीत हलकाबंदी म्हणून ओळखली जाते. काही गावांचा एक हलका म्हणजे गट करायचा, मधल्या गावात एक शाळा काढायची, म्हणजे कोणत्याही मुलाला दोन-अडीच मैलांपेक्षा जास्त चालावे लागणार नाही. आणि खर्चासाठी शेतसाऱ्याबरोबर शेकडा एक रुपया शिक्षणपट्टी वसूल करायची. हिशेब सोपा आहे. एखाद्या गटाचा सारा दहा हजार रुपये असेल तर वर्षाला शंभर रुपये शाळेसाठी जमा होतात, म्हणजे महिन्याला आठ रुपयांच्या आसपास. तेवढ्यात त्या काळी एका शिक्षकाचा पगार आणि शाळेचा किरकोळ खर्च भागू शके. एल्फिन्स्टनला जो प्रश्न सोडवता आला नव्हता, म्हणजे कंपनीच्या तिजोरीकडे दरवेळी हात न पसरता गावच्या शाळेला नेमाचा पैसा कोठून आणायचा, त्याचे उत्तर या पट्टीत होते. मध्य प्रांतात मालगुजारांकडून साऱ्याबरोबर अशीच पट्टी घेतली जाऊ लागली. मुंबई इलाख्यातही १८६३ पासून रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला गेला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी राखला गेला.

पैशाची रीत उत्तरेकडून आली, तरी नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागांत शिकवण्याची भाषा मराठीच राहिली, तर जबलपूर-सागरकडे हिंदी. आणि इथे शाळा उघडल्या तेव्हा छापील मराठी गद्य, व्याकरण आणि शब्दकोश मुंबई-पुण्याकडे पस्तीस-चाळीस वर्षे आधीच तयार झालेले होते, ही एल्फिन्स्टनची नागपूरला अप्रत्यक्षपणे मिळालेली देणगी. धर्म आणि शिक्षण यांची त्याने केलेली फारकत मात्र नागपूरने अनुभवली नाही, कारण इथली पहिली नव्या पद्धतीची शाळा मिशनची होती. स्टीफन हिस्लॉपने ती भोसल्यांच्या काळातच, १८४६ मध्ये सुरू केली. १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडाला. त्याच्या नावाचे कॉलेज १८८३ मध्ये निघाले, मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये. या कॉलेजांतील मुले पदवीसाठी आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. नागपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९२३ साली.

पट्टीने पैशाचा प्रश्न सुटला, पण त्यातून एक नवा अन्याय जन्माला आला. सारा भरणारा कुणबी, माळी, तेली शेतकरी. त्या पैशावर वर चढणारी मुले मात्र बहुतांशी आधीच शिकलेल्या घरांतली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात याच ठिकाणी बोट ठेवले. सरकारचे उत्पन्न रयतेच्या घामातून येते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे जातो, तेव्हा प्राथमिक शिक्षण आधी पसरवा, असे त्यांचे म्हणणे होते. वॉर्डनचा झिरपता सिद्धांत साठ वर्षे चालवून पाहिल्यावर ज्ञान खाली झिरपलेले नाही, याची ती साक्ष होती.

आणि ज्यांना १८२३ च्या टिपणाने थांबायला सांगितले होते, त्यांनी नागपुरात स्वतःच शाळा काढल्या. मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये नागपुरात चोखामेळा मुलींची पाठशाळा सुरू केली. नागपूर-कामठी ओझी वाहून पोट भरलेल्या जाईबाई चौधरी लिहायला-वाचायला शिकल्या, शिक्षिका झाल्या, जातीमुळे ती नोकरी गमावून बसल्या आणि १९२२ मध्ये त्यांनी आपल्या समाजातील मुलींसाठी शाळा उघडली. मे १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला मुंबई इलाख्यातील दलितांच्या शिक्षणाविषयी जे निवेदन सादर केले, त्यात त्यांनी एल्फिन्स्टनच्या टिपणातला तोच उतारा, खालच्या मानल्या गेलेल्या जातींतली मुले सर्वांत चांगले विद्यार्थी ठरतात हे मान्य करून त्यांना मागे ठेवणारा, शब्दशः उद्धृत केला आणि सरकारकडे त्याचा हिशेब मागितला. हे निवेदन लिहिणारे बाबासाहेब स्वतः एल्फिन्स्टन हायस्कूलचे आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी होते.